ओटमारच्या हातची दांडी

ओटमार पिओन्तेकच्या घरी गेलात, तर बायकोची ओळख करून द्यायच्या आधी तो तुम्हाला प्रवाळांची टाकी दाखवेल. आणि खरं सांगायचं तर ती टाकीही बायकोचीच.

जर्मनीतल्या गेल्सेनकिर्खनच्या पोलाद कारखान्यात त्याची उभी हयात लेथवर गेली. निवृत्त झाल्यावर घरात नुसत्या येरझाऱ्या घालायला लागला, तेव्हा बायकोनेच, गेर्लिंडेने, प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबाच्या मेळाव्यातून जांभळ्या प्रवाळाची बोटभर फांदी आणली. तिचं पुढे सुपाएवढं झुडूप झालं.

यंदा त्याच झुडपाची टोकं पांढरी पडायला लागली. ओटमारने पाणी बदललं, मीठ बदललं, दिवा बदलला. मग वळला बायकोकडे.

"तुझं ते तांब्याचं कडं! तसंच घालून टाकीत हात घालतेस."

"काढून तुझ्याच हातात देते ना दर वेळी?"

"मग काचा पुसायचा तुझा तो फवारा."

"आता मी श्वास घेतला तरी टाकी नासते म्हण!"

तांबं या जिवांना विष, हे खरंच. पण म्हणून कुणी बायकोला टाकीजवळ यायची बंदी घालतं का? ह्या बाबाने घातली. इतकी वर्षं दुपारची कॉफी दोघं टाकीसमोर बसून प्यायची. आता गेर्लिंडे स्वयंपाकघरात एकटी प्यायला लागली. इकडे ओटमार झुडूप मरताना बघत बसायचा, आणि त्याला कॉफी गोड लागायची नाही.

शेवटी क्लबातली विब्के आली. "सगळी यंत्रं बाहेर काढ. उघड."

"माझी यंत्रं ठणठणीत आहेत."

"उघड म्हणते ना!"

मोठा पंप उघडला. त्याच्या पंख्याच्या मधोमध चिनी मातीची दांडी असते. मागे ती मोडली होती. दुकानातून नवी आणायला काय धाड भरली होती? पण लेथवरचा माणूस! तळघरात बसून त्याने कारखान्यातल्या न गंजणाऱ्या स्टीलची दांडी कातली. "आपलं स्टील! समुद्र काय वाकडं करणार याचं?" म्हणत बायकोला दाखवलीही होती.

ती दांडी आता तपकिरी पडून निम्मी उरली होती. बाकीची निम्मी पाण्यात विरघळून झुडपाला विष झाली होती. बाहेरून पंप अगदी चकाचक. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"एक फांदी अजून जिवंत आहे," विब्के म्हणाली. "तोडून दे, माझ्या टाकीत जगवते."

ओटमार दांडी घेऊन स्वयंपाकघरात गेला. लाजेने त्याची मान वर होईना.

"तुझं कडं नव्हतं. हे होतं. माझं."

गेर्लिंडेने दांडी उलटसुलट करून पाहिली. "कातली मात्र सुरेख होतीस."

"फांदी तू तोड. झुडूप तुझंच आहे."

"मला बंदी आहे."

"गेर्लिंडे, चुकलो गं मी."

तिने कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग उठली, टाकीपाशी आली, बाही वर सारली आणि कडं काढून नेहमीसारखं त्याच्या हातात दिलं. फांदी निघेपर्यंत तो ते मुठीत घट्ट धरून तिच्या शेजारी उभा होता.