रक्त देऊन जयगड चढताना

पुण्याहून निघताना लेकीपासून एक गोष्ट लपवली होती. सोळा दिवसांपूर्वी मी रक्तदान केलं होतं. वय चौसष्ट, पासष्टनंतर घेत नाहीत, म्हणून म्हटलं, एकदा शेवटचं देऊ. महिन्याभराने हिमालयातला ट्रेक होता, दोन वर्षं वाट पाहिलेला. त्याची रंगीत तालीम म्हणून मी जयपूरजवळच्या आमेरहून जयगड किल्ला चढणार होतो.

जयपूरला जवाहर नगरात लेकीने, मेधाने, बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी (वाळवलेल्या फळांची आणि शेंगांची भाजी) वाढली.

"बाबा, झेपेल ना?"

"तुझ्याआधी वर पोचतो बघ," मी फुशारकी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आणि नात रेवा निघालो. तिसऱ्या वळणापर्यंत मी पुढे होतो. पाचव्यापासून फोटो काढायच्या निमित्ताने थांबू लागलो. सातव्यावर छाती धडधडली, समोरची पिवळी तटबंदी हलल्यासारखी वाटली आणि मी कठड्यावर बसकण मारली. तिथे बसलेल्या ताकवालीने न विचारताच छाछ (ताक) हातात दिली.

"डूंगर कठैई कोनी जावै, थे बैठो," (डोंगर कुठे जात नाही, तुम्ही बसा) ती म्हणाली.

मेधाचा घाबरलेला चेहरा पाहून मी खरं सांगून टाकलं. उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला धापेपेक्षा तेच जास्त लागलं.

संध्याकाळी कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेऊन रिपोर्ट पाहिला. हाडांतल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात, त्यांनी समजावलं. रक्त गेलं, अंगावर ताण पडला, की तरुण मज्जा झपाट्याने कामाला लागते. वय झालं की तिचा जोर ओसरतो.

"खून बनेगा, अंकलजी. बस, देर से बनेगा."

ट्रेकला त्यांनी साफ नाही म्हटलं.

"आजोबा, मतलब ते ब्लड वापस मागता नाही येत?" रेवाने विचारलं. मेधा खुदकन हसली, आणि मला हायसं वाटलं.

ट्रेकच्या ग्रुपवर नाव काढा म्हणून कळवलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुणे स्टेशनवर पुलाचा जिना कठडा धरून, थांबत थांबत चढलो. बॅग खांद्याला लावलेला एक माणूस दोन-दोन पायऱ्या घेत पुढे गेला. माझ्या रक्ताची ती पिशवी आता याच गावात कुणाच्या तरी अंगात असणार. मनात म्हटलं, चढ बाबा, मी येतो मागून.