नानांनी बाद केलेल्या अडतीस पुंगळ्या

कुणीही काहीही हातात दिलं की सोनवणे नाना आधी ते उलटं करायचे. चहाचा पेला असो, नवी चप्पल असो, नाहीतर लग्नात आहेर आलेली समई. तोंड नंतर, बूड आधी. मी घरून आणलेला नवा डबाही त्यांनी एकदा असाच उलटा केला आणि आतली बटाट्याची रस्साभाजी त्यांच्या पायजम्यावर सांडली. मी ओरडले, तर म्हणाले, "सांडू द्या. बूड बघाया पायजे. तोंड काय, समदीच गोड करत्यात."

नाना आता नाहीत. ते गेल्यावर आमच्या रायफल क्लबने फाटकावर फलक लावला: 'क्लबचे आधारस्तंभ हरपले.' तो वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ज्यांनी या माणसाला हाकलून दिलं, त्यांनीच त्याच्या फोटोला हार घातला आणि पुन्हा हात जोडून फोटोही काढून घेतले. म्हणून हे लिहायला बसले. रागात लिहितेय, आणि तो राग सगळा त्यांच्यावरचाच आहे असंही नाही.

क्लबची रेंज डिंभ्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत आहे. गोळी झाडून झाल्यावर उरते ती पितळी पुंगळी. ती पुन्हा भरून वापरायचा परवाना क्लबकडे आहे. कोणती पुंगळी पुन्हा भरायची आणि कोणती मोडीत काढायची, हे नाना ठरवायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. निवृत्त होऊन डिंभ्याला दोन खोल्यांचं घर बांधून राहिले होते. मी राजुरीची, बागायतदारांच्या घरातली सून. सेक्रेटरी माझ्या नवऱ्याच्या नात्यातले, म्हणून मला सामानाच्या खोलीची जबाबदारी मिळाली. लायकी म्हणून नव्हे. हे आधीच सांगून टाकते.

पहिल्याच आठवड्यात नानांनी माझी शाळा घेतली. गोळी सुटली की पुंगळी फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला चिकटते. पुढचा भाग तिथेच धरून राहतो, बूड मागे रेटलं जातं, आणि मधलं पितळ ताणतं. दर वेळी थोडंसं. लांब झालेल्या पुंगळीचं तोंड कापून आम्ही ती मापात आणायचो. मी म्हटलं, "कापली की झाली नव्यासारखी." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या चहात मीठ घातलंय.

"ताई, तोंडाला वाढलं ते कुठनं तरी आलंच आसंल का न्हाई? का आभाळातनं पडलं? बुडाजवळचं पितळ सरकून आलं ते. तुमी वरनं कापून माप जुळवलं. खाली जे पातळ झालं, ते कोन भरून देनार?"

त्यांच्याकडे सायकलच्या स्पोकचा एक तुकडा होता, टोकाला वाकवून धार काढलेला. तो पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढायचा. भिंत धड असली तर तार सरळ येते. ताणून पातळ झालेली असली तर एका जागी टोक खाचेत उतरतं. नानांनी माझा हात धरून ओढायला लावलं. दहा पुंगळ्यांत मला काही कळलं नाही. अकरावीत तार अडली. "हिचं टकुरं एक दिस धडापासनं तुटनार," नाना म्हणाले, आणि पक्कड घेऊन तिचं तोंड तिथल्या तिथे चेपून टाकलं.

बाद केलेली पुंगळी ते क्षणभरही सरळ ठेवत नसत. "सरळ दिसली की मान्साला मोह व्हतो. लई वंगाळ मोह." आणि तपासायच्या आधी पुंगळ्यांना पॉलिश करू देत नसत, कारण पातळ झालेल्या जागी बाहेरून एक उजळ रेघ उमटते. मशीनमध्ये घासून सगळीच पुंगळी चकचकीत केली की ती रेघ त्या चकचकाटात बुडून जाते.

सेक्रेटरींना मात्र चकचकाट फार प्रिय. पाहुणे आले की ताटात पुंगळ्या मांडून दाखवायचे, सोनाराच्या दुकानात बसल्यासारखे. नानांना ते "ए सोनवणे" म्हणून हाक मारत. नाना त्यांच्या वडिलांपेक्षा मोठे होते. आमच्या जातीतला एखादा म्हातारा असता तर 'आबा' नाहीतर 'अण्णा' झाला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी कधी काही बोलले नाही. नानांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला न्हाई राग येत ताई. मी त्येंचं बूड बघितलंय." आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

मग ती स्पर्धा आली. नवा माल आला नव्हता. नानांनी एका जुन्या खोक्यातल्या पुंगळ्या तपासायला घेतल्या आणि अडतीस बाद केल्या. पितळच मऊ होतं, म्हणाले, चार-पाच वेळा झाडून गेलेलं. त्याच दुपारी त्यांना बोरीला लेकीकडे जायचं होतं, नातीचं बारसं होतं. एस. टी. चुकली तर पुढची येईलच याचा भरवसा नाही. ते पक्कड घेऊन बसले आणि मी म्हटलं, "नाना, तुम्ही निघा. मी चेपते सगळ्या."

ते थांबले. बाद पुंगळी दुसऱ्याच्या हाती त्यांनी कधी दिली नव्हती. मग पक्कड माझ्या हातात दिली. "आत्ताच्या आत्ता चेपा ताई. चा नंतर प्या."

मी चहा आधी प्यायले. एवढ्यात सेक्रेटरी आत आले. पुंगळ्या पाहून म्हणाले, "वहिनी, या काय फेकायच्या? जरा पॉलिश मारा, नव्याकोऱ्या दिसतील. अजून एक फेर सहज काढतील. सोनवणेचं काय, त्याला सगळंच बाद दिसतं." मी म्हटलं, "नानांनी तपासल्यात." ते हसले. "तो काय इंजिनिअर आहे?"

मी पक्कड खाली ठेवली. पुढे काही लपवत नाही. मीच त्या मशीनमध्ये टाकल्या, मीच कपड्याने पुसल्या आणि मीच भरायला दिल्या. सुंदर दिसत होत्या.

स्पर्धेच्या दिवशी नारायणगावच्या एका शिक्षिकेच्या हातात त्यातलं काडतूस गेलं. पुंगळी बुडाजवळ तुटली, आग आणि पितळाचे कण मागे तिच्या तोंडावर आले. चष्मा होता म्हणून डोळा राहिला, पण पापणी फाटली, भुवईखाली पितळाचा तुकडा शिरला. आजही तिचा तो डोळा पुरता मिटत नाही. शाळेतली मुलं विचारतात म्हणे, बाई, तुम्ही एका डोळ्याने जाग्या का असता.

तुकडे तपासायला पोलीस घेऊन गेले. क्लबने आपली चौकशी वेगळी लावली. तीन माणसं, एक टेबल, पुढ्यात काजूची बशी. ती काजूची बशी मी अजून विसरलेले नाही. नानांना उभंच ठेवलं होतं. विचारलं, "या पुंगळ्या तुम्ही बाद केल्या होत्या म्हणता, मग चेपल्या का नाहीत?"

मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते. सेक्रेटरी समोर बसले होते. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"न्हाई चेपल्या," ते म्हणाले. "माजं काम व्हतं त्ये."

संपलं. निष्काळजीपणा म्हणून लिहिलं, घरी पाठवलं. सगळ्यांना लगेच पटलंसुद्धा. कोणी विचारलं नाही की मशीनची किल्ली कोणाकडे असते. तेहेतीस वर्षांत ज्याच्या हातून एक खोटी पुंगळी गेली नाही, तो निष्काळजी. आणि राजुरीच्या घरातली सून गप्प बसली आहे, म्हणजे ती निर्दोष! मी गप्प बसले, कारण नोकरी होती, नातं होतं, घरी सासरे होते. कारणं भरपूर होती. एकही धड नव्हतं.

चार महिन्यांनी मी डिंभ्याला गेले. नाना दारात जाळं दुरुस्त करत बसलेल्या शेजाऱ्याशी बोलत होते. गावात पोरंटोरं त्यांना बघून "ठो" करायला लागली होती. मी पायाशी बसून रडायला लागले. त्यांनी पाणी दिलं, पण समजूत घातली नाही.

मी चिडले. होय, त्यांच्यावरच! "नाना, तुम्ही का बोलला नाहीत? माझं नाव का घेतलं नाहीत?"

"मी माज्या वाटचं सांगितलं. दुसऱ्याच्या हातात दिल्या ती माजी चूक, ती सांगितली. तुमच्या वाटचं मी कसं सांगू? त्ये तुमी सांगायचं व्हतं. मी वाट बघितली ताई. त्या खोलीत लई येळ वाट बघितली."

एवढं ऐकून घरी आले. नवऱ्याशी भांडण झालं, सासऱ्यांनी बोलणं टाकलं. तरी मी जबाब लिहिला. त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात दिली, एक क्लबला, आणि नोकरी सोडली. शिक्षिकेच्या घरी जाऊनही सांगितलं. ती बाई शांतपणे ऐकून उठली आणि तिने दार लावून घेतलं. बरोबरच केलं. क्लबने मला अजून उत्तर दिलेलं नाही. फलकाला मात्र त्यांच्याकडे वेळ होता.

पण तो जबाब कुठेही देण्याआधी मी नानांना दाखवला होता. तेव्हा ते आजारी होते, कॉटवर पडून. चष्मा लावून त्यांनी ओळन् ओळ वाचली. मग माझं पेन मागितलं आणि एका शब्दावर आडवी रेघ मारली. मी लिहिलं होतं, 'बाद केलेल्या पुंगळ्या माझ्याकडून चुकून चेपायच्या राहिल्या.' त्यातला 'चुकून' त्यांनी खोडला.

"नाना, मी मुद्दाम नव्हतं केलं हो."

"मुद्दाम न्हवतं, कबूल. पर चुकून बी न्हवतं. पयल्याच आठवड्यात तुमी तार वढून बघितली व्हती. तुमास्नी ठावं व्हतं."

मी त्यांच्या उशाशी बसूनच दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहायला घेतलं. त्या ओळीशी आल्यावर हात बराच वेळ पुढे जाईना. नाना डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. शेवटी 'मला माहीत असून' असं लिहिलं आणि खाली सही केली.