गाळलेली ओळ

माझी आत्या जैवसुरक्षा कार्यालयाच्या माहिती विभागात एकवीस वर्षं होती. एखादी कंपनी जनुकीय बदल केलेलं पीक शेतात लावून बघणार असली, की तिचा तीनशे पानी अहवाल आत्याच्या टेबलावर येऊन पडायचा. त्यातून तिनं दोन पानं काढायची, शाळा अर्धवट सोडलेल्यालाही कळतील अशी. ती पानं त्या भागातल्या ग्रंथालयात लागायची आणि लोकांना हरकत घ्यायला तीस दिवस मिळायचे.

हरकत घ्यायला सहसा कुणी फिरकायचं नाही. जे यायचे, त्यातले काही डोळे मोठे करून विचारायचे, "बाई, हे खाल्लं तर आम्हाला शेपूट फुटणार का हो?" कंपनीची माणसं म्हणायची, "सगळं उत्तम आहे, एवढंच लिहा ना." आत्या दोघांच्याही हातात तेच दोन कागद ठेवायची.

मग मोहरीचा अहवाल आला. एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मधमाश्या या मोहरीचे पराग तीन किलोमीटरपर्यंत नेऊ शकतात आणि ते पराग असलेला मध परवानगीशिवाय विकता येणार नाही. आत्यानं आपल्या कागदात एक ओळ घातली: 'या शेतापासून तीन किलोमीटरच्या आत तुमच्या मधपेट्या असतील, तर त्या हलवा किंवा आम्हाला कळवा.'

साहेब नवीन होते. स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी त्या ओळीवर पेन्सिल फिरवली.

"ही कशाला, बाई?"

"मध काढणाऱ्यांसाठी."

"तिकडे आहेत का कुणी?"

"ठाऊक नाही. म्हणूनच लिहिलं."

"तुम्ही लिहिणार 'हलवा', लोक वाचणार 'पळा'. अहवालात आहेच की. ज्याला हवं तो बघेल."

"एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर?"

साहेब हसले. "तुम्हाला सापडलंच ना?"

त्याच आठवड्यात आतोबांचं ऑपरेशन होतं. आत्याचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. तो मंजूर झाला की नाही ते विचारायलाच खरं तर ती आत गेली होती. तिनं ओळ काढली, खाली सही केली आणि दवाखान्यात गेली. साहेबांनी रजेचा 'र'सुद्धा काढला नव्हता, हे ती आम्हाला नंतर कितीदा तरी सांगायची.

मोहरी फुलली, कापून झाली. त्यानंतर महिन्याभरानं एक मधपाळ तिच्या खोलीत आला. साठीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्या मधात त्या मोहरीचे पराग सापडल्याचं प्रयोगशाळेचं पत्र त्यानं टेबलावर सरळ करून ठेवलं.

"ताई, माझा मध विषारी आहे का?"

"नाही. तपासण्यांत तसं काही आढळलेलं नाही. पण त्या परागाला खाण्यासाठी परवानगी नाही. म्हणून विकता येत नाही."

"म्हणजे चांगला आहे, पण टाकायचा."

आत्यानं पत्र वाचून परत त्याच्याकडे सरकवलं.

"मी तुमचे कागद वाचले होते हो," तो म्हणाला. "ग्रंथालयात जाऊन, दोनदा. मधमाशीचा शब्द नव्हता. म्हणून पेट्या जागेवरच ठेवल्या."

कुणी वाचतच नाही, अशी तिनं इतके महिने मनाची समजूत घातली होती.

"ती ओळ मी लिहिली होती," ती म्हणाली. "मग काढली."

"कुणी काढायला लावली?"

"सही माझी आहे."

त्यानं पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेला.

आत्यानं त्याच दुपारी घडलेलं सगळं लिहून वर पाठवलं, पेन्सिलीची रेघ असलेल्या कागदासकट. चौकशी बसली. पण चौकशीत तिलाच विचारलं, की कार्यालयातली गोष्ट बाहेरच्या माणसाला का सांगितली? साहेबांची तोवर वर बढती झाली होती. मधपाळाची तक्रार निकालात निघाली: संपूर्ण अहवाल लोकांसाठी खुला होता, तक्रारदारानं तो पाहिला नाही. त्या हंगामाचा सगळा मध नष्ट करण्यात आला. आत्याची बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं तिनं तिथेच काढली.

निवृत्त झाल्यावर ती त्याला शोधत गेली. पेट्या देऊन टाकून तो शहरात मुलीकडे राहायला आला होता. त्यानं तिला ओळखलं, बसा म्हणाला, चहा करायला सांगितला. आतोबांची चौकशी केली. ते त्या ऑपरेशननंतर वर्षभरच जगले, हे ऐकून हळहळला. मधमाश्यांचं नाव त्यानंही काढलं नाही आणि आत्यालाही काढवलं नाही.

मुलगी तिला जिन्यापर्यंत सोडायला आली. दार मागे ओढून घेत हळूच म्हणाली, "मावशी, राग मानू नका. पण पुन्हा येऊ नका. त्या कार्यालयातलं कुणी नुसतं रस्त्यात भेटलं, तरी बाबा दोन दोन दिवस जेवत नाहीत."

आत्या पुन्हा गेली नाही.