वहीपुढची भाकर

आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना आकड्यांचा भारी संशय होता. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही बारा जण त्यांच्या हाताखाली शिकत होतो. वर्गात कुणी आकडा फेकला की ते चष्मा काढून विचारत, "हा मोजला कुणी? कुठं बसून मोजला? मोजताना समोर कोण होतं?" आम्हाला वाटायचं, म्हातारा उगाच काथ्याकूट करतो. मला तर त्या वयात आकड्यांचं वेडच होतं. छापलेला आकडा दिसला की मी मान डोलवून मोकळा व्हायचो.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी आम्हाला नागपूरहून छापून आणलेला एकेक तक्ता दिला. आपल्या प्रांतातली साधी माणसं रोज काय आणि किती खातात, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येकानं एका घरातलं आठवडाभराचं जेवण तोलून लिहून आणायचं होतं. बाकीचे चांदूर, मोर्शी असे आपापल्या गावी जाऊन ओळखीपाळखीची घरं शोधत बसले. मी पहिल्यापासून आळशी. मी आपलंच घर धरलं.

आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. चैत्रात माय विहिरीवर चक्कर येऊन पडली होती. बाबांनी तिला बैलांच्या दमणीत घालून अकोल्याला नेलं. डॉक्टरनं डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि सरळ सांगितलं, अंगात रक्त नाही, पोटभर जेवली नाहीस तर पुढच्या वेळी पडलीस की उठणार नाहीस. "जेवते ना मी," माय म्हणाली. घरात ज्वारीची कणगी भरलेली, दोन म्हशी दुभत्या, त्यामुळे बाबांना ते पटलं. मला पटलं नाही. पण ती किती जेवते हे मला सांगताही येईना. वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बापलेक उठलो की ती मागं चुलीपाशी काय करते, हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

वाण्याची तागडी मागून आणून मी चुलीपाशी बसलो, तेव्हा मायला हसू आवरेना.

"एवढं कॉलेज शिकला अन् भाकरी तोलाले आला का रे?"

"तोलू दे," बाबा म्हणाले. "नोकरी नाही भेटली तं वाण्याकडं लागन."

मी कुणाचं ऐकतो काय. भाकर तोलली, वरण तोललं, कांदासुद्धा तोलला. दोन्ही वेळा बाबा तीन भाकरी खायचे, मी साडेतीन, आणि माय अडीच. वर वाटीभर वरण आणि ताक. सातही दिवस तिचा आकडा असाच आला. मी हुरळून गेलो. डॉक्टर चुकला होता, माझी भीती फुकटची होती, आणि हे सगळं छटाकापर्यंत तोलून वहीत लिहिलेलं होतं.

आठव्या दिवशी पहाटे जात्यावर बसताना माय पुटपुटली, "दळन पुरून नाही राहिलं बाप्पा." ती दोन दिवसांचं पीठ एकदम दळायची. त्या आठवड्यात दर दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भाकरींना ते कमी पडत होतं. मी सहज वही उघडली. बाबांच्या तीन नेहमीच्याच, माझ्या साडेतीनही नेहमीच्याच. पाहुणा एकही आलेला नव्हता. मग जादा पीठ कुणाच्या पोटात गेलं, हे कळायला वेळ लागला नाही. जास्तीचं जेवण मायचं होतं, म्हणजे एरवी ती तेवढं जेवत नव्हती.

तरी खात्री करायची होती. मी तागडी वाण्याला परत केली, वही ट्रंकेत टाकली आणि मायला सांगितलं, माझं काम झालं. पुढचा आठवडा काही तोललं नाही, फक्त दळण किती पुरतं ते पाहिलं. ते पुरते दोन दिवस जाऊ लागलं. बाबा तेवढंच जेवत होते, मीही तेवढंच. हिशेब केला, तर मायच्या वाट्याला वेळेला एकच भाकर येत होती. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं, हे सरांनी वर्षभर घोकून घेतलं होतं. ते मी पहिल्यांदा वापरलं ते स्वतःच्या आईवर, तिला न सांगता. त्याची मला अजून लाज वाटते.

पण तेव्हा लाजेपेक्षा राग मोठा होता. दुपारी ती तूर निवडत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"वही होती तं अडीच भाकरी खात होती. आता काहून एकच खातं?"

ती मुळीच ओशाळली नाही. "तू लिहून राहिला होता ना. तुह्या मास्तरनं वाचलं असतं, एवढ्या वावराचं घर अन् मायले एकच भाकर, तं त्याले काय वाटलं असतं? तुह्या बाबाची इज्जत काय राहिली असती?"

"अन् आता?"

"आता कोन पाह्यते?"

पुढं ती म्हणाली की आमचं जेवण झालं की तिची भूकच मरते. ती सून म्हणून आली तेव्हा या घरात चौदा माणसं होती, आणि उरेल ते खायचं ही तिची वाटणी होती. माणसं पांगली, कणगी भरली, पण तिची वाटणी तीच राहिली. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तुरीतला खडा बाजूला टाकावा तसं सांगून मोकळी झाली.

सुट्टी संपल्यावर मी सरांपुढं दोन्ही आठवडे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"आकडे खोटे नाहीत," ते म्हणाले. "तुझी आई एवढं खरंच जेवली. पण हे तिचं रोजचं जेवण नाही, तुझ्या वहीपुढचं आहे." त्यांनी निळ्या पेन्सिलीनं तक्त्यावर लिहिलं, हे घर वगळावे.

"सर, वही बंद केली की ती जेवत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग आमच्या कामातून घर वगळू. तू वही चालू ठेव."

मी बाबांना पत्र टाकलं. मास्तरांना वर्षभराची नोंद हवी आहे, मायला लिहिता येत नाही, तर तिनं खाल्लेल्या भाकरीमागं एक रेघ चुलीजवळच्या भिंतीवर गेरूनं ओढावी, दिवसाची एक ओळ, बाजाराच्या दिवसाला शेजारी गोल. चक्क थाप होती. बाबांचं उत्तर आलं, तुझ्या मास्तराला दुसरा धंदा नाही का, भिंत खराब होऊन राहिली, पण रेघा पडत आहेत.

दिवाळीला घरी गेलो, तेव्हा बाबा जेवायला बसतच होते. मी आधी भिंतीपाशी गेलो. रोजच्या पाच रेघा, एकही दिवस कमी नाही. पण सरांच्या हाताखाली वर्ष काढलेलं, नजर शेवटच्या ओळीवर गेलीच. त्या दिवशी बुधवार होता. येत्या रविवारच्या बाजाराचा गोल काढून, त्याच्या पाचही रेघा ओढून झाल्या होत्या.

"हे काय माय?"

"कापूस वेचाले जा लागते ना आता. सवड नाही भेटत. म्हनून साऱ्या एकदाच काढून टाकल्या."

हसावं की रडावं मला कळेना. मी भिंतीला टेकून खाली बसलो. काय झालं म्हणून बाबांनी विचारलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं, वही, दळण, एक भाकर, सरांच्या नावावर मारलेली थाप. डॉक्टर काय म्हणाला होता त्याचीही आठवण दिली. बाबा उठून भिंतीजवळ आले. बोट ठेवून त्यांनी रविवारपर्यंतच्या ओळी स्वतः मोजल्या. मग परत पाटावर बसले आणि ताट पुढं सारलं.

"तुह्यं बी वाढ."

"अवो, असं काय करता? तुमी जेवून घ्या."

"तू बसल्याबिगर मी घास नाही उचलत."

आमच्या गावात बाई नवऱ्यासमोर जेवत नसे. माय उभीच राहिली. वरण निवायला लागलं, बाबा हलेनात. शेवटी तिनं ताट वाढून घेतलं, पदर पुढं ओढला, त्यांच्याकडे पाठ करून चुलीकडे तोंड केलं आणि खाली बसून जेवू लागली. बाबा तिच्या पाठीकडे बघत बसले. तिनं टोपल्यातली दुसरी भाकर घेतली, तेव्हा त्यांनी आपला पहिला घास मोडला.