स्वयंपाकघरातलं मशीन

अक्षर माझं वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, ते मी पोळ्या झाल्यावर वाचते. हे तिकडे पाठवायचं धाडस माझ्यात नाही. पण दिलीप भाऊजींना जाऊन दीड महिना होत आला आणि एक गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेली नाही.

त्या दिवशी सकाळी ते चहाला खाली आले नाहीत. मी कपावर बशी झाकून ठेवली. आमचे हे वर बोलवायला गेले आणि परत येताना जिन्यातच बसले. मी विचारलं, "उठले नाहीत का?" तर ह्यांनी नुसती मान हलवली... डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, हृदय बंद पडलं. आदल्या संध्याकाळी ते नेहमीसारखे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले होते. "वहिनी, बसू का?" मी "बसा" म्हटलं आणि पाठ फिरवून पोळ्या लाटायला लागले. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

दिलीप भाऊजी माझे धाकटे दीर. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मशीनच्या दुरुस्तीला होते. लग्न केलं नाही. सिडकोतल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहायचे, जेवायला खाली. सासूबाईंना साखरेचा आजार. एकदा त्या चक्कर येऊन पडल्या आणि दवाखान्यात विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? कुणाला सांगता येईना. सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी राहिली विंचूरला नणंदेकडे. त्या दिवशी भाऊजी फार चिडले. मग त्यांनी कारखान्यातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर विकत आणला, कितीतरी दिवस वरच्या खोलीत खटपट केली, आणि त्याच्यात घरातल्या प्रत्येकाचं एकेक पान तयार केलं. रक्तदाब, साखर, गोळ्या, एक्स-रे, सगळं त्यात. ह्यांनी विचारलं, इंटरनेटवर फुकट ठेवता येतं म्हणतात, मग हा उद्योग कशाला? भाऊजी म्हणाले, "आपली दुखणी परक्याच्या मशीनवर कशाला दादा? घरातलं घरात राहू दे."

रविवारी सकाळी सगळ्यांनी रक्तदाब मोजून घ्यायचा. सासूबाई दंड पुढे करून म्हणायच्या, "साखर त्या डब्यात भर माझी सगळी, आणि मला लाडू खाऊ दे." भाऊजी हसून म्हणायचे, "आई, डबा मला खोटं बोलू देत नाही." माझी पाळी आली की मी म्हणायची, "मला काही नाही. ठीक लिहा." दर रविवारी माझ्या पानावर ठीक.

ठीक नव्हतं. माझं अंग बाहेर येत होतं. बायकांना कळेल मी काय म्हणते. बादली उचलली की, खोकला आला की. उभं राहून स्वयंपाक करवत नव्हता. ह्यांना अर्धवट सांगितलं होतं, पण दवाखान्यात पुरुष डॉक्टर असेल, काय काय विचारेल, या भीतीने मी दोन वर्षं काढली. भाऊजींनी विचारलं कधीच नाही. पण मी ओट्याला टेकून उभी राहते, हे त्यांनी पाहिलं असणार. एका रविवारी ते म्हणाले, "वहिनी, तुमचं पान तुम्हीच लिहीत जा. मी शिकवतो." त्यांनी कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. माझा पासवर्ड मलाच ठेवायला लावला आणि मी टाईप करताना तोंड खिडकीकडे केलं. मी विचारलं, "हे तुम्हाला दिसतं का?" ते म्हणाले, "मशीन माझं आहे वहिनी. मनात आणलं तर दिसू शकतं, खोटं कशाला सांगू? पण मी बघणार नाही."

मग ते खाली निघून गेले. मी एकेक अक्षर शोधत सगळं लिहिलं. जे तोंडाने दोन वर्षं निघालं नाही ते बोटांनी निघालं. छापायचं बटण त्यांनी दाखवून ठेवलं होतं. तो कागद घडी घालून मी ब्लाउजमध्ये ठेवला आणि भाऊजींनीच शोधलेल्या एका बाई डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहून आणलंत." मला एक शब्द बोलावा लागला नाही. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. मी बरी झाले.

पुढच्या संक्रांतीला विंचूरला नणंदेकडे हळदीकुंकू होतं. बायका भरलेल्या, आणि नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "काय वहिनी, ते अंग बाहेर येण्याचं थांबलं का आता? अगं बाई, एवढं होईपर्यंत दडवून ठेवलं!" कुणीतरी हसलं. वाणाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. बसमध्ये नाशिकपर्यंत मी एकच विचार करत आले. मनात आणलं तर दिसू शकतं, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी खरं सांगितलं, आणि मी तेच खरं त्यांच्याविरुद्ध धरलं.

घरी आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "तुम्ही वाचलंत. वाचलंत आणि ताईंना सांगितलंत. घरच्या बाईचं असलं वाचवलं तरी कसं तुम्हाला?" भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. "नाही वहिनी," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी ते मशीन उचलून खाली आणलं आणि माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलं. फोडणीचा धूर लागू नये म्हणून वर फडकं शिवून घेतलं. म्हणाले, "आता हे तुमच्या नजरेसमोर. मी तुम्हाला विचारून बसेन. आणि वरच्या खोलीतून मला काही उघडता येणार नाही, तशी सोय केली आहे."

तेव्हापासून, आपल्याच मशीनपुढे बसायला, ते रोज दारात उभे राहून विचारायचे. लाईट जायची वेळ झाली की मशीन आधी नीट झोपवायचं आणि मग बटण बंद करायचं, हे त्यांनी मला शिकवलं. ते मी करायची. पान मात्र मी पुन्हा कुणाचं उघडलं नाही, माझंसुद्धा नाही.

वर्षभराने ह्यांनी जेवताना सहज सांगितलं. ताई फोनवर सारखी विचारत होती, ऑपरेशन कशाचं, कशाचं, म्हणून मीच सांगून टाकलं, त्यात काय एवढं? माझा घास हातात राहिला. भाऊजी समोरच बसलेले. त्यांनी ऐकलं आणि ताटातलं वरण भातात कालवत राहिले. मान वर केली नाही. मी ओशाळू नये म्हणून.

त्या रात्रीच माफी मागायला हवी होती. पण माफी मागायची म्हणजे तो विषय पुन्हा काढायचा, दिराच्या तोंडाकडे बघून त्या दुखण्याचं नाव घ्यायचं. ते माझ्याने होईना. मला वाटायचं, त्यांना कळलंच आहे की मला कळलं. आज बोलू, उद्या बोलू... अशी वर्षं गेली, मधे सासूबाईही गेल्या. ते विचारत, "वहिनी, बसू का?" मी म्हणे, "बसा," आणि लाजेने पाठ फिरवी.

त्यांचे दिवस झाल्यावर हे म्हणाले, डबा आता बंद करून टाकू, उगाच वीज खातो. मी म्हटलं, थांबा. दुपारी घरात कुणी नसताना स्टुलावर बसले. भाऊजींच्या पानाला पासवर्ड नव्हता. माझं काय लपवायचं, असं ते म्हणायचे. शेवटच्या महिन्यात त्यांनी लिहिलं होतं, जिना चढताना छाती भरून येते. चार दिवसांनी, आज पुन्हा. मग, डावा हात जड. मग, घरी सांगितलेलं नाही, बघू. हे सगळं माझ्या पाठीमागे, माझ्या पोळपाटापासून हातभर अंतरावर बसून लिहिलेलं. मी वेळेवर वाचलं असतं तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. मला बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी मला ही जागा करून दिली. त्यांनाही बोलता येत नव्हतं, म्हणून ते त्याच जागेवर येऊन बसत. माझा कागद वाचायला एक बाई डॉक्टर होत्या. त्यांचं पान उघडं होतं, आणि मी पाठ करून उभी होते.

मशीन मी बंद करू दिलं नाही. रविवारी ह्यांचा रक्तदाब आता मीच लिहिते. बसण्याआधी स्टुलावर हात ठेवून मी विचारते, "भाऊजी, बसू का?" आणि थोडी थांबते.

मागच्या रविवारी ह्यांचे आकडे लिहून झाल्यावर मी भाऊजींचं पान उघडलं. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, अक्षरं शोधत शोधत लिहिलं. माझं अंग बाहेर येत होतं. भाऊजींनी ते कधी वाचलं नाही. मी त्यांना खोटं ठरवलं. खाली माझं नाव घातलं. ते पान घरात कुणालाही वाचता येतं. उद्या नणंद येणार आहे, तिलाही.