कॉव्हेंट्रीला पाठवलेला माणूस

विल्फ थॅकरेला गावाने कॉव्हेंट्रीला पाठवलं, त्याला अठरा वर्षं झाली. ते शहर त्याने पाहिलंही नव्हतं. यॉर्कशरमधल्या त्या खाणगावात ही शिक्षा घरबसल्या मिळते: त्या माणसाशी कोणी बोलायचं नाही. कोळशाच्या खाणीचा संप वर्षभर चालला आणि मिटायला नऊ दिवस उरले असताना विल्फ संप मोडून कामावर गेला. बायको, हेटी, दवाखान्यात होती. ती वाचली नाहीच.

थोरला भाऊ क्लेमही बोलेनासा झाला. अगदीच अडलं, तर तिसऱ्याकडे बघून म्हणायचा, "सांग त्याला."

मग विल्फ वाचनालयात जाऊन बसू लागला. कुठला वाक्प्रचार कुठून आला, ते शोधायचा. कॉव्हेंट्रीचंही शोधलं. म्हणे इंग्लंडमधल्या जुन्या यादवीत राजाचे सैनिक कैद करून तिथे पाठवले, तर गावकऱ्यांनी त्यांच्याशी चकार शब्द काढला नाही. खरंखोटं कुणालाच ठाऊक नाही.

क्लेमच्या फुप्फुसात कोळशाची धूळ साचली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याची बायको मॉरीन विल्फच्या दारात आली.

"ये बाबा. पण तो बोलेल अशी आशा धरू नकोस."

"हाकलून तर देणार नाही ना?"

"हाकलायला बोलावं लागतं, विल्फ."

विल्फ रोज दुपारी जाऊन क्लेमच्या उशाशी बसायचा. काय बोलायचं? जमवलेलं सांगत राहायचा. बुधवारी म्हणाला, "जीव टांगणीला लागला की आपल्याकडे म्हणतात ना, लोखंडी आकड्यांवर ताणलाय? ते लोकरीच्या गिरणीतलं. ओलं कापड आटू नये म्हणून चौकटीवर ताणून वाळवायचे. चौकटीला सरळ खिळे असायचे..."

"मॉरीन!" क्लेम छताकडे बघत खरखरला. मॉरीन मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. "सांग त्याला, सरळ नव्हते. वाकडे होते. गिरणीत राबलेल्या पणजीच्या तळहातावरचा व्रण विसरला का, म्हणावं."

 मग विल्फही दाराकडे तोंड करून म्हणाला, "मॉरीन, सांग त्याला, नाही विसरलो. तो व्रण दाखवून ती आपल्याला भिववायची."

"सांग त्याला, तू रडायचास."

"सांग त्याला, तूच मला कडेवर घ्यायचास."

क्लेमचे ओठ हलले. विल्फ पुढे वाकला. आता तरी थेट येईल, एक शब्द, शिवी असली तरी चालेल.

मॉरीन रिकामी टोपली घेऊन दारात आली. "कोणाशी बोलत होतास रे, क्लेम?"

क्लेमने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कोणाशी नाही."

शुक्रवारी तो गेला.