मी निवडलेला मदरबोर्ड

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सव्वीस वर्षं एसटी चालवली आणि मग एका डोळे तपासणीनंतर त्यांच्याकडून गाडी काढून घेतली. काचबिंदू. समोरचं नीट दिसायचं, पण कडेचं दिसेनासं झालं होतं. डावीकडून येणारी सायकल ती अगदी पुढ्यात आल्यावरच त्यांना कळायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि औषध नियमित घातलं तरी उरलेली हळूहळू आत आत येत जाईल. किती वर्षांत, ते सांगता येत नाही. अण्णांना डेपोत टायरच्या नोंदी ठेवायचं हलकं काम मिळालं. ते त्यांनी आठ-दहा महिने केलं आणि मुदतीआधीच घरी बसले.

ही १९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दुपारी अण्णा माझा डबा घेऊन यायचे. खरं तर डबा मी सकाळीच नेऊ शकले असते, पण आईने मला बजावलं होतं, "नेते म्हणू नकोस. तेवढीच त्यांची एक फेरी होते."

क्लासच्या सरांच्या केबिनमध्ये त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत सर त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. एकदा डबा ठेवून अण्णा केबिनच्या दारात थांबले. पडद्यावर डोंगरातला रस्ता होता, एका अंगाला दरी. सर उठले. "बसा अण्णा, बघा चालवून."

"बटनानं गाडी वळती व्हय?"

"वळते की. हे डावं, हे उजवं, हा ब्रेक."

अण्णा बसले. पहिली दोन वळणं चुकली, तिसरं त्यांनी बरोबर घेतलं. बाकीच्या गाड्या भरधाव सुटलेल्या. अण्णा मात्र डावी बाजू धरून, वळणाआधी वेग उतरवून, मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत चालले होते. शेवटी पडद्यावर नंबर आला, आठवा. एकूण गाड्या आठच होत्या.

"अण्णा, ही रेस आहे. शेवटून पहिले आलात," सर म्हणाले.

"शेवटी आलो, पन गाडीला ओरखडा न्हाई," अण्णा म्हणाले. "तुमचा त्यो लाल गाडीवाला बघा, चार ठिकानी भिंतीला घासून पहिला आला. आमच्याकडं असता तर मेमो घेऊन घरी गेला असता."

त्यानंतर ते रोज अर्धा तास आधी यायला लागले. एक दिवस माझ्याबरोबर घरी जाताना त्यांनी मला कारण सांगितलं. खऱ्या रस्त्यावर चालतानासुद्धा त्यांना आता दोन्हीकडून कुणी पडदे ओढल्यासारखं वाटायचं. "त्या टीवीत तसं न्हाई. हाय तेवढा रस्ता समोरच. सगळा दिसतो." चौदा इंचांचा मॉनिटर त्यांच्या उरलेल्या नजरेत पुरता मावत होता. ती नजरही कमी होत जाणार होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

महिन्याभरात त्यांनी घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "जन्मभर करंजीचा घाट चढलात, आता घरात बसून चढा!" पण तिने मोडता घातला नाही. शेजारीपाजारी सांगायचं मात्र ठरलं की कॉम्प्युटर माझ्यासाठी आहे. पस्तीस हजारांच्या आत बसवायचा होता. तयार कंपनीचा घेणं शक्यच नव्हतं, तेव्हा सुटे भाग घेऊन जोडून घ्यायचा.

अण्णांनी मला समोर बसवून एकेका भागाचं काम विचारून घेतलं आणि आपल्या हिशेबात लावून टाकलं. प्रोसेसर म्हणजे इंजिन. रॅम म्हणजे सीटा, जितक्या जास्त तितके एकदम बसणार. हार्ड डिस्क म्हणजे टपावरचं सामान. मदरबोर्ड म्हणजे हे सगळे भाग ज्यावर बसवतात ती पाटी, हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली.

"म्हंजी चेसिस. मग ती आधी बघायची. इंजिन उतरवून दुसरं चढवता येतं, सीटा वाढवता येतात. चेसिस चुकली का सगळी बॉडी उतरवायला लागती."

मी दोन वर्षं मुलांना हार्डवेअर शिकवत होते. इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

सरांनी त्यांना एका कागदावर यादी करून दिली. साधा प्रोसेसर, चौसष्ट एमबी रॅम, एजीपी स्लॉट असलेला मदरबोर्ड आणि त्या स्लॉटात बसणारं ग्राफिक्स कार्ड. एजीपी स्लॉट म्हणजे बोर्डावरची ग्राफिक्स कार्डासाठीची खास खाच. गेम नीट पळायचा तर हे कार्ड हवं, बाकी कुठेही काटकसर करा, असं सरांनी बजावलं होतं. अण्णांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

माझ्या डोक्यात दुसरी यादी होती. क्लासचा पगार जेमतेम होता. घरी कॉम्प्युटर येतोच आहे तर त्याला प्रिंटर जोडावा आणि बायोडेटा, अर्ज, डीएडच्या मुलींचे प्रकल्प असं टायपिंगचं काम घ्यावं, असा माझा विचार होता. कार्ड घेतलं तर प्रिंटर बसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या गेमसाठी एवढा पैसा घालणं मला पटत नव्हतं. हे मी अण्णांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाद नको, असं तेव्हा मी स्वतःला म्हटलं. खरं म्हणजे त्यांचा पडलेला चेहरा बघायची माझी तयारी नव्हती.

दुकान दिल्ली दरवाजाजवळ, पहिल्या मजल्यावर. अण्णा एका कोपऱ्यात कॅबिनेट बघत होते. पत्रा किती जाड आहे ते बोटाने ठोकून, पंखा हाताने फिरवून. दुकानदाराने माझ्यासमोर दोन बोर्ड ठेवले आणि त्यातला स्वस्त पुढे सरकवला.

"मॅडम, ह्यात व्हिडिओ, साउंड सगळं आतच आहे. वेगळं काही घ्यायला नको. पण पुढे कधी ग्राफिक्स कार्ड टाकायचं असेल तर हा घेऊ नका. ह्याला एजीपी स्लॉटच नाही."

"नाही टाकायचं," मी म्हणाले. आवाज खाली ठेवून म्हणाले, हे मला चांगलं आठवतं.

"बघा, नंतर बदलून मागाल."

"नाही मागणार. आणि एक इंकजेट प्रिंटर दाखवा."

अण्णा काउंटरपाशी आले. प्रिंटरचा खोका बघून त्यांनी भुवया वर केल्या. मी सांगून टाकलं की कार्ड आता बजेटमध्ये बसत नाही, दिवाळीनंतर टाकू. त्यांनी खिशातला कागद अर्धवट बाहेर काढला आणि परत आत ढकलला.

"बरं. नंतर टाकू. चेसिस बराबर हाय ना पन?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि तो बिल करायला लागला.

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा आईने मॉनिटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं की लिंबू कशाखाली ठेवायचं, ह्याला चाकं कुठायत? अण्णा म्हणाले, माऊसखाली ठेव. आम्ही खूप हसलो. मग सरांनी दिलेली सीडी टाकून त्यांनी गेम सुरू केला. गाडी धक्के खात पुढे जायची. ब्रेक दाबला की वळण निघून गेल्यावर थांबायची. डोंगराच्या जागी राखाडी ठोकळे दिसायचे.

"क्लच सरकतोय हिचा," अण्णा म्हणाले.

"कार्ड टाकलं की होईल ठीक."

दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्यापेक्षा कमी कष्ट पडतात.

टायपिंगचं काम मात्र चांगलं चाललं. संध्याकाळी घरात दोन-चार जण अर्ज घेऊन बसलेले असायचे. अण्णा त्यांना पाणी द्यायचे आणि छापलेले कागद क्रमाने लावून टाचणी मारायचे. गेमबद्दल ते काही बोलत नसत. दिवाळी झाली. कार्डाचा विषय त्यांनी एकदाच काढला, मी म्हणाले बघू. त्यानंतर त्यांनी मला विचारलं नाही.

ते सरांना विचारून मोकळे झाले होते. सरांनी कार्डाचं नाव लिहून दिलं. बारा वर्षं त्यांच्याबरोबर एकाच गाडीवर असलेले कंडक्टर काका लेकीकडे मुंबईला निघाले होते, त्यांच्याकडे अण्णांनी पैसे आणि चिठ्ठी दिली. एका रविवारी दुपारी मी क्लासचा जादा तास संपवून घरी आले तर हॉलमध्ये वर्तमानपत्रावर कॅबिनेट आडवं पडलेलं, झाकण काढलेलं. अण्णा मांडी घालून बसलेले, हातात कार्ड. काका बॅटरीचा झोत आत पाडत होते.

"आली बघा तुमची इंजिनीर," काका म्हणाले. "ये गं बाई. हे कुठं बसतं? आम्ही सगळ्या खाचा बघितल्या. एकीत बी जात न्हाई."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. कडेचं दिसत नसल्यामुळे त्यांना कुणाकडेही बघायचं तर अख्खं तोंड तिकडे वळवावं लागे, त्यामुळे ते बघतात तेव्हा फार रोखून बघतात असं वाटायचं.

"जागाच न्हाई ह्याला," ते हळू म्हणाले.

काका उसळले. "आरं, मग दुकानदारानं टोपी घातली! चला अण्णा, रविवार असू द्या, घर गाठू त्याचं. असा कसा बोर्ड देतो?"

मी तोंड उघडायला हवं होतं ते तेव्हा. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या खांद्यावर पर्स होती, चपला पायातच होत्या, आणि मी गप्प उभी होते.

"दुकानदाराचं काय न्हाई, मास्तर," अण्णा काकांना म्हणाले. "त्यानं सांगितलं हुतं. मीच म्हणलो, स्वस्तातला द्या. माझ्या ध्यानातनं गेलं."

"तुमी?" काका हसत सुटले. "सव्वीस वर्षं इस्टेरिंग धरलं आन चेसिस वळखता आली न्हाई व्हय? कुणाला सांगू नका!"

"आता तुमीच सांगताल गावभर," अण्णाही हसले. आईने चहा आणला. काका गेले.

अण्णा झाकणाचे स्क्रू लावायला लागले. मी समोर बसले आणि म्हणाले, "मला माहीत होतं. दुकानात त्याने मला सांगितलं होतं."

"व्हय. तोंडावरनं कळलं." एक स्क्रू घरंगळला होता, तो ते हाताने चाचपत होते. मी उचलून दिला. "तुला पिरंटर पायजे हुता ना?"

"हो."

"मग तसं म्हणायचं. मी काय न्हाई म्हणलो असतो? म्हणलो असतो, आधी तुझा पिरंटर घे. चेसिस तेवढी बराबरची घेतली असती, कार्ड मागनं आलं असतं. दोनी झालं असतं."

ते चिडून बोलत नव्हते. गॅरेजमध्ये नवीन माणसाची चूक समजावून सांगावी तसं बोलत होते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दोन बोर्डांच्या किमतीत फार फरक नव्हता. थोडा खालचा प्रिंटर घेतला असता तरी भागलं असतं. मी विचारलंच नाही, म्हणून मला हे कळलं नाही.

मी म्हणाले, उद्याच बोर्ड बदलून आणते. पण उद्या क्लासची परीक्षा होती, मग प्रकल्पांचा मोसम आला. बोर्ड काढला की आठवडाभर टायपिंग बंद पडणार होतं. असं करत चार-पाच महिने गेले. शेवटी उन्हाळ्यात मी बोर्ड बदलला, जुना निम्म्यापेक्षा कमी किमतीत देऊन. कार्ड बसलं. पडद्यावर डोंगर, दरी, पुलाचे कठडे सगळं स्वच्छ आलं. गाडी तुपासारखी पळत होती.

अण्णा बसले. पहिल्या सरळ रस्त्यावर त्यांनी चांगली चालवली. मग डावं वळण आलं, ते त्यांना दिसलंच नाही. ते मॉनिटरपासून मागे सरकले, मग पुढे, मग मान डावीकडे वळवून बघितली. डावीकडे बघितलं की उजवं जायचं. मधल्या काळात नजर आणखी आत आली होती. तपासणीत तसं निघालंही होतं, पण मी तो कागद नीट वाचला नव्हता.

"झ्याक झालंय," ते म्हणाले आणि उठले. "तुझं काम खोळंबलं असंल."

पुन्हा ते गेम खेळायला बसले नाहीत. मी दोनदा आग्रह केला, मग सोडून दिला. त्या चार-पाच महिन्यांत त्यांचा किती रस्ता चालवून झाला असता, हा हिशेब मी टाळते, पण तो अधूनमधून होतोच.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत हा किस्सा सांगितला. अर्थात त्यांच्या पद्धतीने. एवढा मुरलेला ड्रायव्हर आणि चेसिस बघायला विसरला. नवरा पोट धरून हसला. मी रिकामे कप उचलून आत गेले. पुढे तो व्याह्यांना, नातवंडांना, घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झाला, आणि दर वेळी बोर्ड घेणारे अण्णाच असायचे. "खरं सांगा ना आता," असं मी एकदा त्यांना एकटं गाठून म्हणाले. ते म्हणाले, "लोकं हसत्यात की. बिघडलं कुठं?"

गेल्या वर्षी ते गेले. भेटायला आलेली माणसं ओळीने बसली होती. कंडक्टर काका आता बरेच थकलेत, काठी टेकत आले. भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी तीच गोष्ट काढली, बॅटरीच्या झोतापासून. खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मीही हसले.